सेल्फ-लेव्हलिंग टॅम्पर: घरी रोज तशीच एस्प्रेसो काढायची तर

सकाळचा पहिला शॉट, म्हणजे एका खेपेची एस्प्रेसो, दाट, चॉकलेटच्या अंगाने जाणारा उतरतो. अर्ध्या तासाने त्याच बियांचा, त्याच दळणाचा दुसरा शॉट पंधरा सेकंदांत भसाभसा वाहून जातो आणि वर आंबट लागतो. घरी एस्प्रेसो मशीन असलेल्या बहुतेकांना हे ओळखीचं असेल. मग संशय बियांवर जातो, ग्राइंडरवर जातो, कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजवर जातो. कॉफी दाबणाऱ्या हाताकडे लक्ष सगळ्यात शेवटी जातं, कारण ते काम जेमतेम पाच सेकंदांचं आणि दिसायला अगदी साधं.

बास्केटमध्ये, म्हणजे मशीनच्या भोकांच्या वाटीत, भरलेली दळलेली कॉफी दाबायचा सपाट तळाचा ठोकळा म्हणजे टॅम्पर. सेल्फ-लेव्हलिंग टॅम्पर या पाच सेकंदांसाठी आहे. तो एकच हमी देतो, की दाबलेल्या कॉफीचा पृष्ठभाग बास्केटच्या कडेला समांतर राहील. बाकी काही नाही. शिवाय ही हमी खरी ठरायला कड स्वच्छ लागते, कॉफी योग्य खोलीवर लागते आणि आत ती आधीच सारखी पसरलेली लागते. टॅम्पर घेऊनही ज्यांचा शॉट सुधारत नाही, त्यांचं बहुतेक वेळा या तिन्हींपैकी काहीतरी राहून गेलेलं असतं. म्हणून खाली खरेदीपेक्षा कृतीवर जास्त लिहिलं आहे.

तिरकं दाबलं तर काय बिघडतं

एस्प्रेसोत साधारण ९ बार दाबाचं गरम पाणी दाबलेल्या कॉफीच्या चकतीतून पार होतं. पाणी जिथे अडथळा कमी तिथून जातं. चकती एका अंगाला पातळ असेल तर पाण्याचा मोठा हिस्सा तिकडून निसटतो. त्या अंगाची कॉफी गरजेपेक्षा जास्त धुऊन निघते आणि कडवटपणा सोडते, जाड अंगाची अर्धवट राहते आणि आंबट लागते. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही कसं, हे कोडं पडलं असेल तर त्याचं एक उत्तर इथे आहे.

आता आकडे बघा. ५८ मिमी व्यासाच्या बास्केटमध्ये टॅम्पर फक्त १ अंश कलला, तर समोरासमोरच्या कडांमध्ये सुमारे १ मिमीचा फरक पडतो. १८ ग्रॅमच्या चकतीची जाडी सेंटीमीटरपेक्षा थोडीशीच जास्त असते, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आठ-नऊ टक्क्यांचा फरक. आणि १ अंश कललेला टॅम्पर डोळ्यांना सरळच दिसतो.

माझी वहिनी इंदूरलाच सुदामानगरात राहते. तिच्याकडे मशीन एक आणि हात दोन. एका रविवारी पोह्यांच्या बशा मांडता मांडता म्हणाली, ‘भाऊजी, तुमच्या दादांनी काढली की बरी लागते, मी काढली की तोंड वाकडं होतं. मशीन काय माणूस बघून कॉफी देतं?’ दोघांना एकेक बास्केट दाबायला लावली आणि व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटाकडून निघणाऱ्या बारीक दांडीने कडेपासून कॉफीपर्यंतची खोली चार ठिकाणी मोजली. दादाच्या बास्केटमध्ये चारही आकडे पाव मिलीमीटरच्या आत. वहिनीच्या बास्केटमध्ये पोर्टाफिल्टरच्या (बास्केट बसते तो मुठीचा दांडा) मुठीकडे ९.१ मिमी आणि समोरच्या कडेला १०.२. कारण समोरच होतं. ओटा दादाच्या उंचीला बेताचा, वहिनीला उंच. दाबताना तिचं कोपर बाहेर आणि वर उचललं जायचं, मनगट वळायचं आणि टॅम्पर पुढे झुकायचा. यात कौशल्याचा काही संबंध नाही, ओट्याच्या उंचीचा आहे. घरात कॉफी काढणारी माणसं एकाहून जास्त असतील तर या टॅम्परचा खरा फायदा त्यांना. एकटाच माणूस रोज काढत असेल आणि त्याचा हात बसलेला असेल, तर फरक कमी पडेल.

व्हर्नियरची ही चाचणी तुम्हीही आधी करा. नेहमीच्या टॅम्परने दाबा आणि घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी खोली मोजा. दांडी कॉफीत खुपसू नका, नुसती टेकवा. तीन-चार वेळा करून फरक सतत अर्ध्या मिलीमीटरच्या आत येत असेल, तर नव्या टॅम्परपेक्षा त्या पैशांच्या ताज्या बिया घ्या. साधा व्हर्नियर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. इंदूरच्या सियागंज बाजारात मी तो कॉफीसाठी हवाय म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, ‘भिया, कॉफी पीनी है के नापनी है?’ प्रश्न रास्त आहे, पण उत्तर दोन्ही.

किती जोरात, याची चिंता सोडा

३० पौंड, म्हणजे सुमारे १३.६ किलो, असा दाब द्यावा हे जुनं सूत्र अजून सगळीकडे सांगितलं जातं. बाथरूममधल्या वजनकाट्यावर टॅम्पर दाबून सराव करणारे लोक आहेत. पण ९ बारचं पाणी ५८ मिमीच्या चकतीवर किती जोर लावतं हे काढून पाहा: क्षेत्रफळ साधारण २६ चौरस सेंटीमीटर, एकूण जोर २४० किलोच्या घरात. त्यापुढे आपल्या हाताचे दहा किलो की पंधरा, याने फार काही बदलत नाही. कॉफीच्या कणांमधली हवा निघून ती आणखी दबेनाशी झाली की झालं. त्यापुढचा जोर मनगटाला दुखापत करतो, कॉफीला काही करत नाही.

जोर कमी-जास्त चालतो, कल मात्र चालत नाही. म्हणून नुसता ‘कॅलिब्रेटेड’ टॅम्पर, जो ठरावीक दाबाला टक् असा आवाज करतो, घेताना विचार करा. तो दाब सांभाळतो, समतलपणा नाही. नावं सारखी वाटतात आणि ऑनलाइन वर्णनांत सर्रास गल्लत असते.

घेण्याआधी बास्केट उलटी करून बघा

बास्केट बाहेर काढा आणि खालून बघा. आत पुष्कळ भोकं पण बाहेर एकच बारीक भोक दिसलं, तर ती दुहेरी भिंतीची, प्रेशराइज्ड बास्केट आहे. स्वस्त आणि मध्यम घरगुती मशीनबरोबर हीच येते. तिच्यात दाब तयार करण्याचं काम कॉफीची चकती करत नाही, ते एकुलतं भोक करतं आणि फेसही तेच आणतं. अशा बास्केटवर महाग टॅम्पर लावणं म्हणजे पैसे वाया. आधी एकेरी भिंतीची बास्केट घ्या. ती वापरायला बारीक दळणारा आणि बारीक फरकाने जुळवता येणारा ग्राइंडर लागतो, तो नसेल तर आधी तो. टॅम्परचा नंबर त्यानंतर येतो, ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्याच्याही नंतर. दुकानदार हा क्रम सांगणार नाही.

मग माप. गॅजिया क्लासिकसारख्या मशीनला ५८ मिमी, ब्रेव्हिल बॅम्बिनोच्या जातीला ५४, डेलाँगी डेडिकाला ५१. हे नावाचे आकडे झाले. टॅम्परचा तळ त्याहून किंचित वेगळा असतो: ५४ च्या मशीनसाठी ५३.३ मिमीचे तळ विकले जातात, ५८ साठी ५८.३ आणि ५८.५ सुद्धा. व्हर्नियरने बास्केटचा आतला व्यास कडेच्या थोडं खाली, जिथे कॉफी बसते त्या उंचीला मोजा. तळ त्याहून ०.२ ते ०.४ मिमी लहान असलेला बरा. जास्त लहान असला तर कडेला न दबलेल्या कॉफीचं कडं उरतं आणि पाणी तिथूनच वाट काढतं.

बास्केट खाली निमुळती होत जाणारी असेल तर सावध. डोस (एका शॉटसाठी घेतलेली कॉफी) कमी टाकला की कॉफी अरुंद भागात बसते आणि तळ भिंतीला अडकतो. वरून सगळं ठीक वाटतं, पण कॉफी दबलेलीच नसते. सरळ भिंतीची बास्केट या टॅम्परबरोबर सुखाने नांदते.

बाजारात दोन प्रकार भेटतात. एकात कॉलर (तळाभोवतीचं कडं, जे बास्केटच्या कडेवर टेकतं) आणि तळ यांच्यातलं अंतर तुम्ही स्क्रूने ठरवता. कॉलर कडेवर टेकली की तळ तेवढ्याच खोलीपर्यंत जातो, म्हणून डोस अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला की कॉफी कमी-जास्त दबते. दुसरा स्प्रिंगचा: कॉलर कडेवर बसते, मूठ दाबली की आतला तळ कॉलरमधून सरळ खाली सरकतो आणि स्प्रिंग साधारण ठरावीक जोर देते. नॉर्मकोरच्या टॅम्परबरोबर १५, २५ आणि ३० पौंडांच्या स्प्रिंगा येतात, हव्या त्या बदलता येतात. घरासाठी मी स्प्रिंगचाच सुचवेन, कारण घरी डोस रोज तंतोतंत जमत नाही. तळ सपाट घ्या. लाटांची किंवा गोल फुगीर नक्षी असलेल्या तळांची मला तरी गरज वाटलेली नाही. स्प्रिंग २५ पौंडांची लावा, वयस्कर माणसं किंवा मनगट दुखणारं कोणी घरात असेल तर १५.

कॉफी न टाकता एक तालीम

नवा टॅम्पर आला की लगेच कॉफी दळू नका. रिकाम्या, कोरड्या बास्केटवर तो ठेवा. कॉलर चारही बाजूंनी कडेला टेकते का, उजेडाकडे धरून बघा. कुठे प्रकाशाची रेघ दिसली तर एक तर कॉलर वाकडी आहे किंवा बास्केटची कड ठोकाठोकीने दबलेली आहे. कॉफीचा चोथा झटकताना बास्केट ओट्याच्या कडेवर आपटायची सवय असेल तर कड दबतेच, आणि हा टॅम्पर त्याच कडेला प्रमाण मानतो. कड वाकडी तर चकतीही इमानदारीने वाकडीच येणार.

आता मूठ पूर्ण खाली दाबून धरा. तळ कडेपासून किती खोल गेला ते मोजा आणि आकडा लिहून ठेवा. मग नेहमीचा डोस टाकून दाबा आणि कॉफी किती खोलीवर बसली ते मोजा. समजा तळ १२ मिमीपर्यंत पोहोचतो आणि तुमची १५ ग्रॅम कॉफी १३ मिमीवर बसायला हवी. तर टॅम्पर आपल्या शेवटाला टेकतोय, कॉफीला नाही. दाबणाऱ्या हाताला हे समजत नाही, कारण मूठ छान खाली जाते आणि थांबते. ओळखायची खूण म्हणजे दाबून झाल्यावर बोट हलकेच टेकवा: ठसा उमटला किंवा भुगा हलला तर चकती कच्ची आहे. उपाय दोन, डोस वाढवा किंवा लहान बास्केट घ्या.

उलट बाजूची चूकही होते. डोस इतका की कॉलर कडेवर बसायच्या आधीच तळ कॉफीच्या ढिगाला भिडतो. कॉलर टेकेपर्यंत हा टॅम्पर साध्या टॅम्परइतकाच बेभरवशाचा असतो. त्याचा सगळा शहाणपणा कॉलर बसल्यावर सुरू होतो.

आणखी एक. गडद भाजलेल्या बिया फुगलेल्या आणि हलक्या असतात, फिकट भाजलेल्या घट्ट. १८ ग्रॅम गडद कॉफी बास्केटमध्ये १८ ग्रॅम फिकट कॉफीपेक्षा जास्त जागा घेते. चिकमगळूरच्या एका रोस्टवरून दुसऱ्या रोस्टवर गेलात की खोली परत एकदा मोजा. मिनिटभराचं काम आहे.

रोजची कृती

बास्केट कोरडी पुसा. ओल्या बास्केटला कॉफी चिकटते आणि कडेने पाण्याला वाट मिळते. बिया ०.१ ग्रॅमपर्यंत मोजा. आमच्या माळव्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की दळलेली कॉफी ग्राइंडरच्या तोंडाला आणि भांड्याला चिकटून बसते, गुठळ्याही होतात. दळायच्या आधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून चमच्याने हलवा. ही जुनी युक्ती आहे. २०२३ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या क्रिस्टोफर हेंडन यांच्या गटाने प्रयोग करून दाखवलं की बियांतल्या ओलाव्याने दळतानाचा विद्युतभार आणि गुठळ्या कमी होतात.

बास्केटवर फनेल बसवा आणि दळलेली कॉफी टाका. आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते टॅम्परचं नाही. बारीक सुयांच्या ढवळणीने कॉफी तळापासून मोकळी करायची. ही पद्धत जॉन वाइस यांनी २००५ मध्ये मांडली, म्हणून तिला वाइस पद्धत किंवा डब्ल्यूडीटी (वाइस डिस्ट्रिब्यूशन टेक्निक) म्हणतात. सुया ०.३ ते ०.४ मिमी जाडीच्या हव्यात. ॲक्युपंक्चरच्या सुया बुचात खोचून घरीच करता येते. टूथपिक नको, ती कॉफी मोकळी करत नाही, चर पाडते. सुया आधी तळापर्यंत नेऊन लहान लहान गोल फिरवा, मग हळूहळू वर येत शेवटी फक्त पृष्ठभाग सारखा करा. दहा-पंधरा सेकंद पुरतात.

हे टाळून नुसता टॅम्पर दाबला तर काय होतं ते वडी थापणाऱ्या कोणालाही सांगावं लागणार नाही. ताटात मिश्रण एका बाजूला जास्त पडलं आणि वरून वाटीच्या बुडाने थापून गुळगुळीत केलं, तर वड्या दिसायला एकसारख्या निघतात, पण एकीकडच्या घट्ट आणि दुसरीकडच्या भुसभुशीत. सेल्फ-लेव्हलिंग टॅम्पर वरचा गुळगुळीतपणा पक्का करतो. आतली घनता सारखी करणं त्याच्या हातात नाही. उलट तो वरून इतकं सुंदर दिसवतो की आतला दोष लपतो.

पाती असलेला फिरवायचा डिस्ट्रिब्युटर काही जण मध्ये वापरतात. तो फक्त वरचा थर सरकवतो. डब्ल्यूडीटी नीट केलं असेल तर त्याची गरज नाही.

फनेल न काढता पोर्टाफिल्टर एकदा-दोनदा ओट्यावर हलकेच टेकवा, म्हणजे कॉफी कडेच्या खाली बसते. मग फनेल उचला. सरळ वर, आडवं ओढून नाही, नाहीतर कडेवर भुगा सांडतो. आता कड पुसा. कोरड्या ब्रशने किंवा बोटाने पूर्ण गोल. या संपूर्ण कृतीत घाईत वगळली जाणारी पायरी हीच. कडेवर एका ठिकाणी दळलेल्या कॉफीचे चार कण राहिले की कॉलर तेवढी उचलली जाते, आणि ज्या कलापासून पळण्यासाठी हा टॅम्पर घेतला तोच कल तो आता दर वेळी हमखास देतो.

पोर्टाफिल्टर टेकवायला रबरी मॅट किंवा स्टँड घ्या. दोन तोट्यांचा पोर्टाफिल्टर ओट्यावर डुगडुगतो. हा टॅम्पर कडेवरून माप घेतो, म्हणून ओटा थोडा उतरता असला तरी चालतं, पण पोर्टाफिल्टर दाबताना हलला तर कॉलर क्षणभर सुटते.

टॅम्पर बास्केटवर ठेवा. अजून दाबू नका. दोन बोटांनी कॉलर गोल चाचपा, ती चारही बाजूंनी बसली आहे याची खात्री करा. मग तळहाताने मुठीच्या मधोमध, एकाच सरळ गतीत, मूठ थांबेपर्यंत दाबा. थांबल्यावर आणखी रेटू नका. स्प्रिंग पूर्ण दबली की पुढचा जोर थेट कॉफीवर जातो आणि स्प्रिंगचा उपयोगच संपतो. दोनदा-तीनदा दाबायचीही गरज नाही. शेवटी गोल फिरवून ‘पॉलिश’ करायची सवय साध्या टॅम्परबरोबर आली असेल तर इथे सोडा, त्याने काही मिळत नाही.

उचलताना हळू. तळ बास्केटमध्ये घट्ट बसणारा असेल तर झटक्याने उचलल्यावर खाली पोकळी होऊन चकती वर ओढली जाते, तिला तडा जातो. मूठ आधी ढिली सोडा, स्प्रिंग तळाला वर घेते, मग कॉलर उचला. नंतर पोर्टाफिल्टरला टिचक्या मारू नका. भिंतीला चिकटलेला भुगा पाडायच्या नादात चकती भिंतीपासून सुटते.

मशीनला लावताना धक्का न देता लावा आणि लगेच शॉट सुरू करा. १८ ग्रॅम कॉफी आत, ३६ ग्रॅम एस्प्रेसो बाहेर, २५ ते ३० सेकंद, हे सुरुवातीचं माप. टॅम्पर बदलल्यावर त्याच दळणावर वेळ दोन-चार सेकंदांनी सरकू शकते. तेवढ्यावरून टॅम्परला नावं ठेवू नका, ग्राइंडर एक खूण हलवा.

गणपतीत आरतीनंतर सलग आठ-दहा कप काढायची वेळ आली की ही सगळी शिस्त मोडते. बास्केट ओली राहते, कडेवर आधीचा चोथा चिकटतो, कोणीतरी गप्पा मारता मारता फनेल ओढतं. अशा वेळी दोन बास्केट ठेवा आणि दोन सुकी फडकी. एक माणूस दळण आणि सुया सांभाळेल, दुसरा कड पुसून दाबेल. आमच्याकडे पुसायचं आणि दाबायचं काम पुतण्याकडे असतं. तो दहा वर्षांचा आहे, आणि १५ पौंडाची स्प्रिंग लावली की त्याच्या आणि दादाच्या चकतीत फरक शोधून सापडत नाही.

शॉट बघून ओळखायचं कसं

बॉटमलेस पोर्टाफिल्टर, म्हणजे खालून उघडा, असेल तर बरंच काही दिसतं. पहिले थेंब सगळ्या तळावर साधारण एकाच वेळी यावेत आणि मग मध्ये जुळून एक धार व्हावी. बारीक पिचकाऱ्या उडाल्या तर पाण्याने आत बोगदे पाडलेत, आणि दोष जवळजवळ नक्की पसरवण्यात किंवा दळणात आहे. कडेने आधी कॉफी येऊन मध्य उशिरा भरला तर टॅम्परचा तळ लहान आहे का, किंवा सुया फिरवताना कडेची कॉफी मध्ये ढकलली जाते का, ते बघा.

रोज एकाच बाजूने धार आधी येत असेल तर जरा पोलिसी तपास करावा लागतो. रिकामी बास्केट पोर्टाफिल्टरमध्ये अर्धी फिरवा आणि मग नेहमीसारखं सगळं करा. दोषाची बाजू बास्केटबरोबर फिरली तर बास्केटची भोकं किंवा कड दोषी. बाजू तिथेच राहिली तर पुढचा शॉट पोर्टाफिल्टर उलट दिशेला धरून भरा आणि ढवळा. आता बाजू बदलली तर तुमचा हात कॉफी रोज एकीकडे टाकतोय. तरीही जागची हलली नाही तर मशीनकडे वळा: ते ओट्यावर समतल आहे का, वरच्या जाळीत जुनी कॉफी अडकली आहे का. टॅम्पर समांतर आहे हे पक्कं झाल्यामुळेच हा तपास सोपा होतो. संशयितांमधला एक आधीच बाद झालेला असतो.

जुना आणि नवा, समोरासमोर

टॅम्परचा फायदा चवीवरून ठरवू नका. जिभेवर काल रात्री सराफा बाजारात खाल्लेला तळलेला गराडू अजून रेंगाळत असतो. एकाच पाकिटातल्या बिया, एकच दळण, तोच डोस, ३६ ग्रॅमला बंद, आणि फक्त सेकंद लिहायचे. जुन्या आणि नव्या टॅम्परने आलटून पालटून पाच-पाच शॉट काढा. बाकी काही बदलू नका. पाणीही नाही. नर्मदेचं पाणी आणि बोअरचं जड पाणी आलटून पालटून वापरलंत तर चव आणि मशीनमधला क्षार दोन्ही बदलतात.

सरासरीकडे बघू नका, सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ शॉटमधलं अंतर बघा. समजा जुन्याने २३ ते ३३ सेकंद येत होते आणि नव्याने २६ ते ३०, तर टॅम्परने काम केलं. दोन्हींचं अंतर तेवढंच राहिलं तर दोष टॅम्परिंगमध्ये नव्हताच. ग्राइंडरमध्ये जुनी कॉफी अडकून पुढच्या डोसमध्ये येते का, सुया तळापर्यंत पोहोचतात का, पहिल्या शॉटला मशीन पुरेसं तापलेलं असतं का, हे तपासा. मशीन दहाच मिनिटं आधी लावून पहिला शॉट फसला तर त्यात टॅम्परचा काय दोष.

सफाई आणि पावसाळा

साध्या टॅम्परला पुसलं की झालं. याच्या आत मात्र कॉलर आणि तळ यांच्यामधल्या फटीत कॉफीचा बारीक भुगा जातो, तेल धरतो आणि सरकणं जड होतं. मूठ सोडल्यावर तळ झटकन वर येण्याऐवजी रेंगाळत आला की सफाईची वेळ झाली समजा. रोज काढत असाल तर दोन आठवड्यांतून एकदा उघडावा. मूठ आणि तळ यांचा स्क्रू फिरवून भाग सुटे करा, स्प्रिंग कुठल्या तोंडाने बसली होती त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, नायलॉनच्या ब्रशने भुगा झाडा. तळ आणि कॉलर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, स्प्रिंग आणि लाकडी मूठ नुसत्या फडक्याने पुसा. डिशवॉशरमध्ये घालू नका. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल लावायचा मोह होईल, पण खोबरेल चिकट होऊन भुगा आणखी धरतं आणि दुसरं खाण्याच्या वस्तूला लावायचं नाही. लावायचंच तर अन्नासाठी चालणारं मिनरल ऑइल, तेही एखादा थेंब, आणि उरलेलं पुसून.

जोडल्यावर पुन्हा रिकाम्या बास्केटवर ठेवून कॉलर आणि खोली तपासा. स्क्रू पुरता न आवळता राहिला तर तळच कलतो.

जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत टॅम्पर बास्केटवर तसाच ठेवून देऊ नका. ओल्या कॉफीच्या वाफेने स्प्रिंगला तांबेरा धरतो. वापरून झाला की पुसून उघड्यावर, तळ वर करून ठेवा. याच दिवसांत दळलेली कॉफीही ओलावा धरते आणि शॉट संथ होतात. तेव्हा टॅम्पर उघडून बसण्याआधी ग्राइंडर थोडा जाडसर करून बघा, आणि बिया हवाबंद डब्यात आहेत ना तेही.